कॉन्ट्रा नाचाचा वीकेंड: मराठी मित्रमंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. वर्षातून दोन-तीनदा शुक्रवारी दुपारी गाडीत बॅग टाकून कॉन्ट्रा नाचायला जाते आणि सोमवारी ऑफिसात जिना उतरताना कठडा धरते. गणपतीच्या जेवणात किंवा हळदीकुंकवाला हा विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतात. त्यांची उत्तरं दरवेळी हातात पुरणपोळीचं ताट धरून देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

कॉन्ट्रा म्हणजे नक्की काय? तो लाइन डान्स का?

लाइन डान्स नव्हे. त्यात जो तो आपापला नाचतो. कॉन्ट्रा हा अमेरिकेतला लोकनाच, स्क्वेअर डान्सचा सख्खा भाऊ, पण स्क्वेअरमध्ये चार जोड्यांचा चौकोन नाच संपेपर्यंत तोच राहतो. कॉन्ट्रात जोड्यांच्या लांबलचक रांगा असतात, बँडच्या पायाशी सुरू होऊन हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या. तुम्ही आणि तुमचा जोडीदार शेजारच्या जोडीबरोबर साधारण अर्धा मिनिट नाचता, मग एक घर सरकता आणि नवी जोडी समोर येते. तिच्याबरोबर पुन्हा तेच.

दांडिया आठवा. समोरासमोर दोन रांगा, टिपऱ्या वाजल्या की सरकायचं, नवा चेहरा समोर. कल्पना तीच. फक्त इथे टिपरीऐवजी हातात हात येतो, आणि तुमचा मूळ जोडीदार प्रत्येक घरात तुमच्याबरोबर असतो. रांगेच्या टोकाला पोचलात की एक फेरी उभं राहून दम खायचा, जोडीदाराबरोबर जागा बदलायची आणि उलट दिशेने परत निघायचं. नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात ते ह्या टोकाला. आपला नंबर गेला असं वाटून ते बाजूला होतात आणि रांग त्यांना हाका मारत बसते.

आणि वीकेंड म्हणजे?

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. बहुतेक ठिकाणी दोन बँड आणि दोन कॉलर (नाच पुकारणारे) बोलावलेले असतात आणि ते आलटून-पालटून सत्रं घेतात. शनिवारी सकाळी कार्यशाळा, दुपारी नाच, रात्री मोठा नाच. मधल्या वेळात कुणी ओसरीवर फिडल, म्हणजे व्हायोलिन, काढून बसतं, कुणी गातं, कुणी गवतावर पसरून घोरतं. सगळी सत्रं केलीत तर पंधरा तासांच्या आसपास नाच होतो. सगळी करू नका. पहिल्या वीकेंडला मी केली होती, आणि रविवारी सकाळी मोजे घालायला मला पायापर्यंत वाकता येईना.

जागा निरनिराळ्या. तळ्याकाठचे उन्हाळी कॅम्प, शाळांचे हॉल, गावांचे टाउन हॉल, आणि ग्रेंज म्हणजे शेतकऱ्यांच्या जुन्या संघटनेची सभागृहं. ग्रीनफील्डचा गायडिंग स्टार ग्रेंज त्यातला आमच्या भागातला लाडका. ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान हवी: लाकडी जमीन. काँक्रीटवर फरशी घातलेल्या हॉलमध्ये तीन दिवस नाचायचं आमंत्रण आलं तर मी तरी जात नाही. लाकूड थोडं दबतं आणि परत वर ढकलतं, तेवढ्यावर गुडघे टिकतात.

ब्रॅटलबरोचा, म्हणजे व्हरमाँटमधला, रात्रभराचा नाच हा वेगळाच प्रकार. मे अखेरच्या मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीत संध्याकाळी सुरू होऊन सकाळी सातला संपणारा. आपल्याकडे जागर म्हणतात तसाच. पहाटे चारला हॉलमध्ये जे उरतात त्यांच्या चेहऱ्यावर एक वेडसर शांतता असते.

मला नाच अजिबात येत नाही. जमेल का?

चालता येतं का? मग जमेल. कॉन्ट्राचं मूळ पाऊल म्हणजे तालात चालणं. वरात असो की लेझीम, ज्याने एकदा तरी ताशावर पाय टाकलाय त्याला ते येतं.

पण पहिलाच नाच म्हणून वीकेंडला येऊ नका, हे प्रामाणिकपणे सांगते. वीकेंडला बहुतेक लोक सरावलेले असतात, कॉलर समजावून सांगतो ते भराभर, आणि तुम्ही शुक्रवारी रात्रीच स्वतःवर चिडाल. त्याआधी जवळच्या साध्या संध्याकाळच्या नाचांना चार-पाच वेळा जा. तिथे मुख्य नाचाच्या आधी अर्धा तास नवख्यांसाठी शिकवणी असते. ती चुकवू नका, नंतरचे तीन तास तिच्यावर उभे असतात.

कॉलर म्हणजे? शर्टाची?

(हा विनोद दर गणपतीला होतो.) कॉलर म्हणजे माइकवर उभा राहून पुढची आकृती, म्हणजे नाचातली पुढची हालचाल, सांगणारा किंवा सांगणारी. संगीत सुरू होण्याआधी कॉलर सगळ्यांना वाद्यांशिवाय एकदा नाच चालवून दाखवतो, त्याला वॉक-थ्रू म्हणतात. मग बँड सुरू होतो आणि कॉलर प्रत्येक आकृती तिच्या किंचित आधी बोलतो: ठोका पडायच्या आत शब्द कानात आणि शरीर तयार. उशीर झाला की शंभर माणसं एकदम चुकतात. ह्या कामाला लागणारा धीर मला क्रिकेटच्या पंचांतच दिसतो.

खरी गंमत पुढे. पाच-सहा फेऱ्यांनंतर लोकांना नाच पाठ होतो आणि कॉलर शब्द कमी करत जातो. आधी पूर्ण वाक्य, मग एक शब्द, मग काहीच नाही. सगळा हॉल आपोआप चाललेला असतो आणि कॉलर बाजूला पाणी पीत उभा. शेवटी तो बँडला बोटं दाखवतो, तीन फेऱ्या उरल्या म्हणून. मला विचाराल तर चांगला कॉलर त्याच्या गप्प बसण्यावरून ओळखावा.

एवढ्या आकृत्या लक्षात कशा राहतात?

कारण सगळं ६४ ठोक्यांत बसवलेलं असतं. धूनेचे दोन भाग, ए आणि बी, प्रत्येक दोनदा वाजतो. प्रत्येक वेळी सोळा ठोके. चार सोळे चौसष्ट. एक फेरी संपली की धून पहिल्यापासून आणि नाचही पहिल्यापासून.

उदाहरण देते. पहिल्या सोळ्यात शेजाऱ्याबरोबर बॅलन्स, म्हणजे हात धरून एक पाऊल पुढे, एक मागे (चार ठोके), आणि स्विंग, म्हणजे जोडीने गरगर फिरणं (बारा). दुसऱ्यात चौघांचं कडं करून डावीकडे पाऊण फेरा (आठ), मग डो-सी-डो, म्हणजे जोडीदाराभोवती पाठीला पाठ करून फेरी (आठ). तिसऱ्यात जोडीदाराबरोबर बॅलन्स आणि स्विंग. चौथ्यात साखळी, म्हणजे चौघांतल्या दोघी मध्ये उजवा हात देऊन पलीकडे जातात (आठ), आणि डावे हात मध्ये घालून चौघांची चांदणी (आठ). चांदणी सुटते तेव्हा नवे शेजारी समोर उभे. झालं. हे तबल्याच्या आवर्तनासारखं आहे: समेवर नवा शेजारी यायलाच हवा. तो नसेल तर कुणीतरी चुकलंय, आणि बहुधा ते तुम्हीच असता.

मिनिटाला ११५ ठोके अशी गती धरली तर एका फेरीला तेहतीस-चौतीस सेकंद लागतात. दहा मिनिटांच्या नाचात अठरा फेऱ्या होतात, म्हणजे रांग लांब असेल तर अठरा वेगळ्या जोड्या. पहिल्या संध्याकाळी घरी जाताना लक्षात आलं, आज आपण इतक्या माणसांच्या डोळ्यांत पाहिलं की एवढं मी ऑफिसात वर्षभरात पाहत नाही.

चक्कर येत नाही का?

येते. स्विंगमध्ये येते. आणि त्याचं उत्तर आपल्या सगळ्या काकवांना आधीपासून माहीत आहे: फुगडी.

स्विंगमध्ये दोघं बॉलरूमसारखं धरून एकाच बिंदूभोवती गरगर फिरतात. उजवी पावलं मध्यावर जवळजवळ, डावा पाय स्कूटर ढकलावी तसा मागून रेटा देणारा. दोघांनीही आपलं वजन किंचित मागे सोडायचं. इथले लोक ह्याला वजन देणं म्हणतात आणि नवख्यांना ते शिकवता शिकवता दमतात. मंगळागौरीत ज्यांनी हाताची अढी घालून फुगडी घातलीय त्यांना ते शिकवावं लागत नाही. समोरचीवर विश्वास ठेवून मागे झुकायचं, तिने तुमच्यावर. कुणीही एकटीच ताठ उभी राहिली की फुगडी मोडते. माझी सासू इथे आली होती तेव्हा बाकावर बसून तिने दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, ह्यांची फुगडी आहे गं, फक्त पिंगा यायचा राहिलाय.

चकरेवर उपाय: भिंतीकडे पाहू नका, समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहा. चेहरा तुमच्याबरोबरच फिरतो म्हणून तो स्थिर दिसतो. थेट डोळ्यांत पाहणं अवघड वाटलं तर कान, भुवई, चष्म्याची काडी, काहीही चालतं. तरी गरगरलं तर जोडीदाराला सांगा, सावकाश फिरू या. चालत फिरलेला स्विंगही पूर्ण स्विंगच असतो.

रेकॉर्ड लावून नाचता येत नाही का? बँडचं एवढं कौतुक का?

येतं, पण ते मिक्सरमध्ये वाटलेल्या चटणीसारखं होतं. पोट भरतं, पाटा आठवत राहतो.

बँड तीन-चार माणसांचा. फिडल जवळजवळ नेहमी, पियानो किंवा गिटार ताल धरायला, मग मँडोलिन, अकॉर्डियन, बासरी असं काहीबाही. पियानोवाला डाव्या हाताने खर्ज, उजव्याने सूर असा धाडधाड ठेका देतो आणि तुमची पावलं त्या खर्जावर पडतात. काही वादक बसल्या जागी पायांनीही ताल देतात. ती पद्धत कॅनडातल्या केबेकच्या फ्रेंच भाषक मंडळींकडची. धुना आयर्लंड, स्कॉटलंड, केबेक, कॅनडातलंच केप ब्रेटन बेट, अमेरिकेचा दक्षिण भाग अशा कुठूनही येतात, आणि नव्याही रचल्या जातात. न्यू हॅम्पशायरचे बॉब मॅकक्विलन हे पियानोवादक हजारावर धुना रचून गेले. २००२ साली त्यांना अमेरिकेचा लोककलेतला मोठा सन्मान, नॅशनल हेरिटेज फेलोशिप, मिळाला होता.

सुरुवातीला फिडलवर चार ठोके खरवडतात. त्याचं नाव चार बटाटे. खरंच. कॉलर बँडकडे वळून म्हणतो, चार बटाटे द्या, आणि नाच सुरू होतो.

रेकॉर्ड नाच बघत नाही, बँड बघतो. एका नाचात दोन-तीन धुना जोडलेल्या असतात. सहाएक फेऱ्यांनंतर बँड एकदम दुसऱ्या धूनेत उडी मारतो, सूर वर चढतो, आणि त्याच क्षणी सगळा हॉल ओरडतो. कुणी सांगितलेलं नसतं. कधी बँड सगळी वाद्यं थांबवून नुसत्या पावलांच्या आवाजावर आठ ठोके सोडून देतो. शंभर जणांची पावलं एकत्र लाकडावर. तेवढ्यासाठी मी तीन तास गाडी चालवली आहे.

हा नाच मुळात कुठला?

इंग्लंडचा, वाटेत फ्रान्सचा, राहता न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ह्या ईशान्य कोपऱ्याचा. इंग्लंडमध्ये रांगांचे खेडवळ नाच होतेच. जॉन प्लेफर्डने १६५१ मध्ये त्यांचं पुस्तक छापलं, धुनेसकट. फ्रेंचांनी हे नाच उचलले आणि त्यांना कॉन्त्रदांस म्हणू लागले. तेच नाव पुढे कॉन्ट्रा म्हणून चिकटलं. म्हणूनच आकृत्यांची नावं अजून फ्रेंच वळणाची आहेत. डो-सी-डो म्हणजे पाठीला पाठ, अलमांद म्हणजे जर्मन. वसाहतींबरोबर नाच अमेरिकेत आला, अठराव्या शतकात गाजला, मग शहरांत वॉल्ट्झ आणि क्वाड्रिल आले तसा मागे पडला. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटच्या गावांत मात्र तो टिकला.

टिकवणाऱ्यांत राल्फ पेज (१९०३–१९८५) ह्या न्यू हॅम्पशायरच्या कॉलरचं नाव पहिलं घेतात. मग साठ-सत्तरच्या दशकांत शहरं सोडून खेड्यांकडे निघालेली तरुण पोरं डडली लॉफमन ह्या कॉलरच्या नाचांना गर्दी करू लागली आणि तिथून ते वेड देशभर गेलं. सोमवारच्या नाचासाठी ओळखलं जाणारं नेल्सन हे न्यू हॅम्पशायरमधलंच चिमुकलं गाव. जुन्या नाचांत रांगेतली अर्धी मंडळी नाचायची आणि उरलेली बराच वेळ बघत उभी असायची. सगळ्यांनी सतत हलायचं ही पद्धत गेल्या पन्नासेक वर्षांतली. मला जुने नाचही आवडतात. उभं राहून बघण्यात, शेजारणीशी दोन शब्द बोलण्यात काय वाईट आहे?

गोव्याच्या मंडळींना हे फार परकं वाटू नये. मांडोतही बायका आणि पुरुष समोरासमोर रांगा धरून नाचतात, आणि त्यात युरोपातल्या दिवाणखान्यांची हवा आहेच. मांडोची चाल मात्र संथ, विरहाची. कॉन्ट्राला विरह माहीत नाही.

नवरा येणार नाही म्हणतो. एकटी आले तर?

निम्मे लोक एकटेच येतात. जोडीने आलात तरी प्रत्येक नाचाला जोडीदार बदलायचा, हा इथला संकेत आहे. नवऱ्याबरोबर एक-दोन नाच, मग दोघं दोन दिशांना. कुणीही कुणालाही विचारू शकतं. "हा नाच माझ्याबरोबर नाचाल?" एवढंच. बाजूला खुर्चीत बसून कुणी येईल अशी वाट पाहत राहिलात तर लोक समजतात तुम्ही विश्रांती घेताय. आपल्या मुलींना, आणि मुलांनाही, हे पहिल्यांदा जड जातं. आपल्याला विचारायची सवय नसते, विचारलं जायची असते.

अनुभवी लोकांचा एक दोष सांगून ठेवते. काहीजण आपसांत चार-चार नाच आधीच ठरवून ठेवतात आणि मधल्या रांगेत, बँडसमोर, जमतात. नवखे मग कडेच्या रांगांत राहतात. खुशाल मधल्या रांगेत घुसा.

अनोळखी पुरुषाचा हात धरायचा, कमरेला हात… अवघड नाही वाटत?

प्रश्न बरोबर आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं. दोन गोष्टींनी ते गेलं. एक, कुणाबरोबरही वेळ इतका थोडा असतो की अवघडायला फुरसत मिळत नाही. बारा ठोके आणि पुढचा माणूस. दोन, स्विंगमध्ये हात पाठीवर, खांद्याच्या पात्याशी असतो. तो खाली घसरला तर ते चूक आहे आणि तसं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कुणी जोरात फिरवलं, अंगठा पिळला, मनाविरुद्ध गिरक्या द्यायला लावल्या तर हात सैल करून "गिरकी नको" म्हणा. पुन्हा झालं तर आयोजकांकडे जा. बऱ्याच वीकेंडना त्यासाठी नेमलेली माणसं असतात, त्यांची नावं दारावर लावलेली असतात.

नाचाला नाही म्हणता येतं का, हेही लोक विचारतात. येतं. कारण द्यावं लागत नाही. पाय दुखतात असं खोटं सांगून पुढच्याच मिनिटाला दुसऱ्याबरोबर उभं राहू नये, एवढं पाळलं की पुरे.

लार्क आणि रॉबिन हे काय प्रकरण?

पक्षी. पूर्वी भूमिकांना पुरुष आणि बाई म्हणत. आता बऱ्याच ठिकाणी डावीकडचा तो लार्क, उजवीकडचा रॉबिन. इंग्रजीत डाव्या-उजव्याची पहिली अक्षरं त्यांच्याशी जुळतात म्हणून ही नावं. कुणी कुठली भूमिका घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. दोन बायका, दोन पुरुष, सहा फुटी रॉबिन आणि पाच फुटी लार्क, सगळं असतं. मंगळागौरीत बायाबायाच नाचतात ना, मग त्यात नवल ते काय. मी दोन्ही शिकले. दोन्ही येत असतील तर कधीच बाहेर बसावं लागत नाही.

आणखी एक नाव बदललंय. उजवे खांदे जवळ ठेवून, हात न लावता, एकमेकांकडे बघत फिरायची एक आकृती आहे. तिचं जुनं नाव रोमा लोकांसाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दावरून होतं आणि तो शब्द त्यांच्यातल्या अनेकांना लागतो. आता तिला नुसतं "उजव्या खांद्याने फिरा" म्हणतात. रोमांचे पूर्वज आपल्याच उपखंडातून गेले, हे आठवलं की मला हा बदल जरा जास्तच पटतो.

चुकलं तर सगळी रांग बिघडेल?

नाही. चार जण अर्धा मिनिट बिघडतील. नियम एकच: हरवलेली आकृती शोधत बसू नका, पुढची पकडा. समोरून हात आले की तिकडे जा. हरवलेल्या माणसाला रांग अक्षरशः हाताने उचलून जागेवर ठेवते, वारीत चुकलेल्याला दिंडी सामावून घेते तशी. माफी मागायला थांबलात तर मात्र दुसरी चूक होते.

घालू काय? साडी चालेल?

साडी नको, पदर आणि निऱ्या दोन्ही कुणाच्या तरी हातात जातील. सुती कुर्ता आणि सैल सलवार उत्तम, ओढणी घरी. घेरदार स्कर्ट छान फुलतो म्हणून बायका घालतात, आणि पुरुषही. हो, दाढीवाले, पिंडऱ्यांवर केस असलेले पुरुष स्कर्टमध्ये. दहा मिनिटांत सवय होते, आणि हवा लागते म्हणून ते घालतात हे ऐकून आपल्या लुंगीचा अभिमान वाटतो.

पायात मऊ तळव्याचे, डाग न पाडणारे, बाहेर न वापरलेले बूट. रस्त्यावरची वाळू लाकूड खरवडते, म्हणून दारातच बदलायचे. मी हौसेने एकदा कोल्हापुरी घालून गेले. नवी, कुरकुरणारी. दुसऱ्याच स्विंगला उजवी चप्पल निघून पियानोखाली गेली आणि पियानोवाल्याने ठेका न चुकवता ती पायाने परत सरकवली. टाळ्या त्याला मिळाल्या.

घाम प्रचंड येतो. दिवसाला किमान तीन शर्ट, एक पंचा. अत्तर, सेंट, वासाची तेलं अजिबात नकोत. बहुतेक वीकेंडना तशी सूचना असतेच, कारण काहींना त्याने दम लागतो. माझं आवळ्याचं तेलही त्यात आलं, काय करणार.

जेवणाचं काय? शाकाहारी मिळतं?

ही चिंता इथे करू नका: ह्या मंडळींत शाकाहारी भरपूर. मसूर, भोपळा, पाव, सॅलड. मीठ-तिखट बेताचं, म्हणून मी लोणच्याची छोटी बाटली नेते आणि ती रविवारपर्यंत दुसरेच संपवतात. कुठे कुठे प्रत्येकाने काही आणायचं असतं. चिवडा न्या, दोन सत्रांमध्ये मीठ हवंच असतं. दारू नाचाच्या हॉलमध्ये सहसा नसते.

राहायचं कुठे, आणि खर्च?

कॅम्प असेल तर लाकडी खोल्या, वर-खाली बिछाने, घोरणारे सोबती. गावात असेल तर स्थानिक नाचणारे पाहुण्यांना घरी ठेवतात. फॉर्मवर तशी खूण करायची. मी अशी अनोळखी घरांत राहिले आहे आणि एका घरात सकाळी मालकीणबाईंनी मला कांदेपोहे करायला लावून अख्ख्या बॅंडला खाऊ घातले. कानात घालायचे बोळे न्या.

साध्या संध्याकाळच्या नाचाला दहा ते वीस डॉलर, ऐपतीप्रमाणे. वीकेंडचा खर्च जेवणखाण आणि मुक्कामावर बदलतो. पैशाची अडचण असेल तर काम करून सवलत मिळते: भांडी, नोंदणीचं टेबल, झाडलोट. गाजलेल्या वीकेंडना जागा कमी पडतात आणि सोडत काढतात, तेव्हा फॉर्म वेळेत भरा.

मार्च २०२० मध्ये सगळं एका आठवड्यात बंद पडलं होतं. तेव्हापासून काही ठिकाणी मास्कचे नियम असतात; प्रत्येक वीकेंडचे निराळे, ते वाचूनच निघा.

आई-बाबा भारतातून आलेत. आणू का? आणि मुलं?

आई-बाबांना संध्याकाळच्या साध्या नाचाला जरूर आणा. पंचाहत्तरीचे लोक रांगेत असतात आणि तुम्हाला दमवतात. बाबा पहिल्यांदा "मी बसतो, तुम्ही नाचा" म्हणतील. कुणीतरी आजी येऊन हात पुढे करेल आणि त्यांना नाही म्हणता येणार नाही. गुडघे बदललेले असतील तर चालत नाचावं, उड्या आणि गिरक्या ऐच्छिक आहेत. मुलांसाठी काही वीकेंड वेगळी सत्रं ठेवतात, सगळे नाही. दहा-बारा वर्षांची मुलं मात्र आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

तिथे आपले लोक असतात?

फारसे नाहीत. कधी मी एकटीच असते. कुठून आलात हे विचारतात, योगाबद्दल विचारतात, आणि मग बँड सुरू होतो. फुगडी दाखवल्यापासून मात्र एका कॅम्पवर मला दर वर्षी शनिवारी दुपारी तळ्याकाठी ती शिकवायला लावतात. पाच-सहा अमेरिकन जोड्या हाताची अढी घालून फिरतात आणि मी बाजूने "फू" कशी म्हणायची ते सांगते.

रविवारी लवकर निघालं तर चालेल?

चालेल, पण शेवटचा वॉल्ट्झ चुकेल. प्रत्येक सत्र वॉल्ट्झने संपतं, आणि रविवारच्या शेवटच्या वॉल्ट्झला कुणाला विचारायचं हे लोक शनिवारपासून मनात धरून असतात. वॉल्ट्झ येत नसेल तर एक-दोन-तीन मोजत कडेने चाला. मग खुर्च्या रचायला थांबा, हॉल झाडायला हात लावा. आणि निघताना खिडकीतली आपली पाण्याची बाटली नीट बघून घ्या. तिथे एकसारख्या निळ्या बाटल्या वीस असतात. माझ्या बाटलीवर मी देवनागरीत नाव लिहिलंय. ती आजवर कुणी चुकून नेलेली नाही.